धूर कुणाचा, मत कुणाचं

एकाच कायद्यावर चार वर्षांत तीनदा हात वर करायचा, आधी बाजूने, मग विरोधात, मग परत बाजूने, आणि तिन्ही वेळा चेहऱ्यावर तेच गांभीर्य ठेवायचं, हे जमायला मुरलेला पक्ष लागतो. ऑस्ट्रियात तो आहे. त्याचं नाव फोल्क्सपार्टाय, म्हणजे जनतेचा पक्ष, आणि कायदा होता हॉटेलं, बार आणि कॉफीहाउसांतल्या धूम्रपानबंदीचा. २०१५ साली समाजवाद्यांबरोबर सत्तेत असताना या पक्षाने संपूर्ण बंदीला मत दिलं. अंमल १ मे २०१८ पासून व्हायचा होता. तोवर त्यांची सोयरीक उजव्या फ्रीडम पार्टीशी जुळली आणि मार्च २०१८ मध्ये तीच बंदी, लागू व्हायच्या आधीच, त्यांनी मोडीत काढली. पुढच्या वर्षी ते सरकार पडलं आणि जुलै २०१९ मध्ये पुन्हा हात वर, पुन्हा बंदीच्या बाजूने. १ नोव्हेंबर २०१९ ला ती एकदाची लागू झाली.

हे सगळं मी व्हिएन्नात बसून पाहिलं, पण प्रेक्षकांत बसून. मला इथे मत नाही. ऑस्ट्रियाचं नागरिकत्व हवं तर भारताचं सोडावं लागतं, आणि तो निर्णय दर दिवाळीला आम्ही पुढच्या दिवाळीवर ढकलतो. एरवी मतावाचून काही अडत नाही. कर भरता येतो, पार्किंगचा दंड भरता येतो, ट्राममध्ये म्हाताऱ्यांना जागा देता येते. पण या धुराच्या भांडणात अख्खं शहर दहा वर्षं तावातावाने बोलत होतं, आणि त्यात ज्यांना बोलायची सोय नव्हती त्यांची यादी मला हळूहळू दिसत गेली.

मूळ घोळ २००९ चा. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये पबमधली सिगारेट बंद केली, इटलीने २००५ च्या जानेवारीत. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ ला, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. मोठ्या हॉटेलांना वेगळी खोली ठेवायची सवलत राहिली आणि दंड दोनशे रुपये. ऑस्ट्रियाची अवस्था मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी १ जानेवारी २००९ पासून नियम झाला तो असा: एकच खोली आणि पन्नास चौरस मीटरहून लहान जागा असेल तर मालकाने ठरवावं, धूर की बिनधूर. पन्नास ते ऐंशीच्या मध्ये असेल आणि जुन्या इमारतीत भिंत घालता येत नसेल, तरीही मालकाने ठरवावं. त्याहून मोठी जागा असेल तर दोन भाग करा आणि मोठा भाग बिनधुराचा ठेवा. दारावर स्टिकर लावा, धुराचं किंवा बिनधुराचं.

झालं, शहरभर काचेच्या भिंती उभ्या राहिल्या. मालकांनी त्यापायी चांगलेच पैसे ओतले. भिंतीला सरकतं दार, दारावर ‘कृपया बंद ठेवा’ची पाटी, आणि दार कायम उघडं. दोन्ही हातांत श्नित्सेलच्या ताटल्या घेऊन निघालेला वेटर दार लावणार कुठल्या हाताने? त्यात आणखी एक पेच: बिनधुराच्या बाजूला बसलेल्या माणसाला शौचालयाला जायचं असेल आणि वाट धुराच्या खोलीतून असेल, तर? हसू नका, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेला. २०१३ साली न्यायालय म्हणालं, असं चालणार नाही. तर पुढच्या वर्षी संसदेने आपल्याच कायद्याचा अर्थ आपणच लावून दिला: तेवढं ओलांडून जायला हरकत नाही. हॅप्सबर्गांचं साम्राज्य जाऊन शंभर वर्षं होत आली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, एका सिगारेटसाठी एवढा खटाटोप कशाला. पण व्हिएन्नाचं आणि तंबाखूचं नातं नुसत्या व्यसनाचं नाही. इथे तंबाखूची सरकारी मक्तेदारी सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ साली बसवली. सिगारेट आजही किराणा दुकानात मिळत नाही. ती ‘ट्राफिक’ नावाच्या छोट्या दुकानात मिळते. तिथेच वर्तमानपत्र, ट्रामचं तिकीट, लॉटरी, पार्किंगची पावती. हे दुकान चालवायचा परवाना देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य असतं, पूर्वी तो युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना मिळायचा. म्हणजे सिगारेट विकणं हे इथे निम्मं समाजकार्य. गंमत अशी की देशातला शेवटचा सिगारेट कारखाना, हाइनबुर्गचा, २०११ मध्ये बंद झाला. भांडण ज्या मालावरून चाललं होतं तो माल तोवर परदेशी झाला होता.

आणि कॉफीहाउस. संगमरवरी टेबल, वेताच्या दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं, चांदीसारख्या तबकात कॉफी आणि शेजारी पाण्याचा छोटा ग्लास. एका मेलांज कॉफीवर तीन तास बसा, कुणी उठवणार नाही. २०११ पासून ही कॉफीहाउस संस्कृती ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. डोरोथेअरगासेमधलं हावेल्का घ्या. १९३९ साली सुरू झालेलं हे कॉफीहाउस. भिंतींना जो तपकिरी रंग आहे तो कुठल्या रंगाऱ्याने दिलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या कवी-चित्रकारांच्या फुप्फुसांतून आलेला आहे. पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवला जातो. मीही दाखवते. दिवसाला वीसेक सिगार ओढणाऱ्या फ्रॉइडचं घर बेर्गगासेच्या १९ नंबरला अजून आहे, आता संग्रहालय म्हणून. १९२३ साली त्याच्या जबड्याला कर्करोग निघाला, तिसावर शस्त्रक्रिया झाल्या, सिगार सुटला नाही. त्या संग्रहालयातून बाहेर पडणारे प्रवासी पूर्वी समोरच्या फुटपाथवर उभे राहून पहिली काय करत तर सिगारेट पेटवत. आता ई-सिगारेट काढतात, एवढाच फरक.

युरोपातली वर्तमानपत्रं तेव्हा ऑस्ट्रियाला ‘युरोपचा अ‍ॅशट्रे’ म्हणायची. इथल्या लोकांना ते नाव लागायचंही आणि आतून थोडं आवडायचंही, असा माझा कयास आहे. खुद्द राष्ट्राध्यक्ष फान डेर बेलन सिगारेट ओढणारे. फ्रीडम पार्टीचे पुढारी हाइन्स-क्रिस्टियान श्ट्राखं तर उघड अभिमानाने ओढणारे.

बंदीच्या बाजूला तोंड मिळालं ते एका पत्रकारामुळे. कुर्ट कुख ‘न्यूज’ साप्ताहिकात शोधपत्रकारिता करायचा. राजकारण्यांची लफडी बाहेर काढण्यात नाव कमावलेला, आणि स्वतः भरपूर सिगारेटी ओढणारा. २०१४ साली त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं कळलं. त्याने आजार लपवला नाही. उलट कर्करोगतज्ज्ञांना आणि कर्करोग मदत संस्थेला बरोबर घेऊन ‘डोन्ट स्मोक’ नावाची मोहीम उघडली. ३ जानेवारी २०१५ ला तो गेला, वय ४२. त्या उन्हाळ्यात संसदेने संपूर्ण बंदी मंजूर केली. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं दाखवलेले तक्ते ज्यांना हलवू शकले नाहीत त्यांना एका ओळखीच्या माणसाच्या मरणाने हलवलं. माणसं अशीच असतात, इथली काय नि तिथली काय.

मग आलं फोल्क्सपार्टायचे चान्सलर कुर्त्स आणि श्ट्राखं यांचं युती सरकार आणि ‘वालफ्रायहाइट’, निवडीचं स्वातंत्र्य. हा शब्द २०१८ च्या वसंतात ट्रामच्या थांब्यावर, दूरदर्शनवर, केस कापायला बसलं तर तिथेही ऐकू येत होता. ओढायचं की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावं. ओढू द्यायचं की नाही हे मालकाने ठरवावं. ज्याला धूर नको त्याने पलीकडच्या हॉटेलात जावं. सरकारने घरात नाक खुपसू नये. दुसऱ्या बाजूने डॉक्टर म्हणायचे, बिनधुराच्या गिऱ्हाइकाच्या फुप्फुसांचं काय? लहान मुलांचं काय?

दोन्ही बाजूंचा युक्तिवाद बारकाईने ऐकला तर खोलीत दोनच माणसं दिसायची: टेबलाशी बसलेला आणि गल्ल्यावर बसलेला. टेबलांमधून फिरणारी बाई कुणाच्या डोळ्यांसमोर येत नव्हती.

ती माझ्या डोळ्यांसमोर यायची, कारण आमच्या घराखालीच एक बाइस्ल आहे. बाइस्ल म्हणजे गल्लीतली जुनी खानावळ-कम-बिअरखाना. लाकडी पट्ट्यांच्या भिंती, सात-आठ टेबलं, कायमचे ठरलेले म्हातारे. आम्ही राहतो त्या ओट्टाक्रिंग भागात अशा खानावळी अजून तग धरून आहेत. ही पन्नास चौरस मीटरच्या आतली, आणि मालकाने ठरवलेलं ‘धूर’, म्हणजे दारावर धुराचं स्टिकर. तिथे संध्याकाळची पाळी करणारी बाई सर्बियाहून आलेली, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. मी तिच्याकडून एक कला शिकले जी आता कुणाच्याच उपयोगाची नाही. भरलेला अ‍ॅशट्रे टेबलावरून नुसता उचलायचा नाही, राख उडते, कुणाच्या तरी गुलाशमध्ये पडते. एक स्वच्छ अ‍ॅशट्रे त्याच्यावर उपडा घालायचा, दोन्ही एका पंजात धरून तबकावर न्यायचे, आणि वरचा स्वच्छ तेवढा सुलटा करून टेबलावर परत. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. एका संध्याकाळी असं किती वेळा करता, म्हटलं तर ती म्हणाली, “मोजलं तर काम कोण करणार?”

रात्री अकरानंतर जिन्यात ती भेटली की कोट हातात असायचा, अंगात नाही. बाराही महिने. कोट गिऱ्हाइकांच्या खोलीत टांगावा लागायचा, त्यामुळे घरी जाताना तो उलटा करून हातावर घ्यायची. घरी नातवंडं होती. अंगातले कपडे दाराशीच काढून वेगळ्या पिशवीत, डोकं धुवायचं मग स्वयंपाकघरात पाय. केस धुवायचं राहून गेलं तर उशीच्या अभ्र्याला वास लागतो म्हणे. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगायची नाही, कृती सांगावी तसं सांगायची. दुसरीकडे काम का बघत नाही, हा प्रश्न स्वातंत्र्यवाल्यांच्या ओठांवर असायचा. पन्नाशी उलटलेल्या, जर्मन बोलण्यात सर्बियन हेल असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला दुसरीकडे म्हणजे कुठे? दुसऱ्या धुराच्या स्टिकरमागे.

मी सोलापूरची. आमच्याकडे तंबाखूचा धंदा म्हणजे विडी, आणि विडी म्हणजे बायका. पूर्वभागातल्या घराघरांत मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, आणि हात असे चालायचे की बोटं दिसायची नाहीत. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलींच्या आया विड्या वळायच्या. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे खराब म्हणून काही बाजूला निघायच्या त्याचे पैसे नाहीत. यातल्या बहुतेकींनी आयुष्यात विडी ओढली नसेल. खोकला मात्र असायचा. तंबाखूवरच्या कराची, इशाऱ्याच्या चित्रांची, बंदीची चर्चा निघाली की आपल्याकडेही ओढणारा दिसतो, विकणारा दिसतो. मधली बाई रोजगाराच्या आकड्यात दिसते, तीही कंपन्यांना आपली बाजू मांडायला सोयीची असते तेव्हाच.

असो. २०१८ कडे परत येते. बंदी मोडल्यावर व्हिएन्नाची डॉक्टरांची संघटना आणि कर्करोग मदत संस्था यांनी ‘फोल्क्सबेगेरन’ केलं, म्हणजे लोकांनी सह्या करून संसदेपुढे विषय न्यायचा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. एकूण सह्या झाल्या ८ लाख ८१ हजारांच्या वर, म्हणजे मतदारांपैकी जवळपास चौदा टक्के. सरकारने आपल्याच कार्यक्रमात लिहून ठेवलं होतं की नऊ लाख सह्या आल्या तर पुढे बंधनकारक जनमत घेऊ. तेही आत्ता नाही, काही वर्षांनी. आकडा जरा कमी पडला, आणि सरकारने हुश्श केलं.

त्या रांगेत मी उभी राहू शकत नव्हते. ती सर्बियन बाईही नाही. व्हिएन्नात मतदानाच्या वयाच्या माणसांपैकी तेव्हा साधारण तीस टक्के लोकांकडे ऑस्ट्रियाचं नागरिकत्व नव्हतं. युरोपीय संघातल्या देशाचा पासपोर्ट असला तर निदान प्रभागाच्या निवडणुकीत मत मिळतं, सर्बियाचा किंवा भारताचा असला तर तेही नाही. आता ही तीस टक्के माणसं शहरात कुठे असतात ते बघा. संध्याकाळी कुठल्याही खानावळीच्या भटारखान्यात डोकावा. भांडी घासणारा, बटाटे सोलणारा, बिअरचे ग्लास भरणारा, फरशी पुसणारी. अगदी टेबलाटेबलाशी जाऊन गुलाब विकणारा आपला बांगलादेशी किंवा पंजाबी भाऊ. उद्याचं वर्तमानपत्र आदल्या रात्रीच दारोदार विकणारेही पूर्वी असेच आपल्या भागातले असायचे; धुरातून वाट काढत ते जो पेपर विकायचे त्याच्या पहिल्या पानावर बंदीचीच बातमी असायची. धूर ज्यांच्या सर्वांत जास्त वाट्याला येत होता त्यांच्यातल्या कितीतरी जणांना सही करायची मुभा नव्हती. हा काही कट नव्हता. कायद्याने रीतसर असंच होतं, आणि म्हणूनच ते कुणाला खटकत नव्हतं. मला त्या आठ लाखांत सामील झालेल्यांबद्दल आदरच आहे. पण ‘जनतेचा आवाज’ असं मथळ्यात छापून आलं की मी मनात म्हणायची, जनता म्हणजे खुर्चीवर बसलेली.

व्हिएन्ना शहराचं सरकार बंदी उठवण्याविरुद्ध घटना न्यायालयात गेलं होतं. जून २०१९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. बंदी घालायची की नाही हा संसदेचा प्रश्न आहे, असा त्याचा सूर. तोवर संसदेतली गणितंच बदलली होती. १७ मे २०१९ च्या संध्याकाळी जर्मनीतल्या एका वृत्तपत्राने आणि एका साप्ताहिकाने एक चोरून काढलेली चित्रफीत बाहेर आणली. इबिझा बेटावरचा बंगला, व्होडका, समोर रशियन धनाढ्याची भाची असल्याची बतावणी करणारी बाई, आणि तिला सरकारी कंत्राटांची आशा दाखवणारे श्ट्राखं. दुसऱ्या दिवशी राजीनामा, दहा दिवसांत कुर्त्स सरकारवर अविश्वासाचा ठराव मंजूर. युती तुटली तशी फोल्क्सपार्टायला आपलं २०१५ मधलं मत आठवलं. २ जुलैला फ्रीडम पार्टी सोडून सगळे पक्ष बंदीच्या बाजूने उभे राहिले. लाखो सह्या, डॉक्टरांचे मोर्चे, कुखचं मरण हे सगळं एका पारड्यात, आणि इबिझाची ती फीत दुसऱ्यात. कशाने काटा हलला हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

३१ ऑक्टोबरच्या रात्री खालच्या बाइस्लमध्ये तेराव्याचं जेवण असावं तसं वातावरण होतं. मालकाने फुकट श्नाप्स वाटलं. बाराच्या ठोक्याला अ‍ॅशट्रे गोळा करून खोक्यात भरले. काही म्हाताऱ्यांनी आपापला ठरलेला अ‍ॅशट्रे घरी न्यायला मागितला आणि मालकाने दिलाही. दुसऱ्या दिवसापासून बाजार खात्याचे निरीक्षक फिरू लागले. ओढणाऱ्याला शंभर युरोपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर हजारापर्यंत. मालकाला दोन हजारांपर्यंत आणि पुन्हा केलं तर दहा हजार. आठवडाभर कुरकुर झाली. त्यानंतर, मला वाटलं होतं त्याच्या निम्मीसुद्धा नाही. श्नित्सेलला श्नित्सेलचा वास येतो ही बातमी काही लोकांना नवीन होती.

सगळ्यांचं सारखं नुकसान झालं असं नाही. सर्वांत मोठा फटका शिशा बारांना बसला. आपल्याकडे ज्याला हुक्का पार्लर म्हणतात तेच. त्यांचा सगळा धंदाच धुराचा, आणि बरेचसे चालवणारे तुर्की, अरब घरांतले तरुण. तेही घटना न्यायालयात गेले, तिथे त्यांचं काही चाललं नाही. ‘निवडीच्या स्वातंत्र्या’ची ढाल घेऊन वर्षभर लढलेल्या पुढाऱ्यांचा कंठ त्यांच्यासाठी फारसा फुटलेला मी तरी ऐकला नाही. बाइस्लमधला धूर तो संस्कृती, शिशा बारमधला धूर तो नुसता धूर. त्या पोरांची मला दया आली, बंदी हवी होती तरीही.

आणि चार-साडेचार महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, कोरोना आला. सगळीच दारं बंद. बंदीमुळे धंदा बुडाला की नाही याचा हिशेब ज्यांना मांडायचा होता त्यांच्या वहीवरच शाई सांडली. खालचा मालक आजही सांगतो की त्याचं कंबरडं सिगारेटबंदीने मोडलं. पलीकडच्या चौकातला म्हणतो, कोरोनाने. दोघांचीही दुकानं चालू आहेत.

मला स्वतःला बंदीने काय दिलं? खिडकीखाली धूर. पूर्वी तो चार भिंतींत कोंडलेला असायचा, आता ओढणारे सगळे फुटपाथवर, बरोबर आमच्या निजायच्या खोलीखाली. धूर परवडला, गप्पा नाही परवडत. व्हिएन्नाचा माणूस दोन बिअरनंतर घटस्फोट, फुटबॉल आणि भाडेवाढ या तिन्ही विषयांवर एकाच पट्टीत बोलतो. रात्री दहानंतर शांतता पाळायची असा नियम आहे, त्यामुळे दहाच्या ठोक्याला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकी उघडून खास व्हिएन्नाच्या बोलीत जे काही बोलतात ते मी इथे लिहू शकत नाही. आमच्याकडे सोलापूरहून पाहुणे आले की त्यांना हे फुकटचं नाटक दाखवते. नवऱ्याच्या मामांना ते इतकं आवडलं की तेही खाली जाऊन त्या घोळक्यात उभे राहिले. भाषेचा गंध नाही, पण लायटर होता.

सर्बियन बाई अजून तिथेच आहे. कोट आता अंगात असतो. गंमत म्हणजे ती स्वतः सिगारेट ओढते, आधीही ओढायची. मी एकदा विचारलं, “मग तुम्हाला बंदी हवी होती की नको?” तिने जरा विचार करून सांगितलं, “मला माझ्या सहा पुरेशा होत्या. बाकीच्या साठ त्यांच्या होत्या.” आपल्याला कुणी विचारलंच नाही, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, विचारतात की, आर्बायटरकामरवाले विचारतात. खरंच आहे. पगारदारांच्या या चेंबरची वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जाते, माझीही आणि तिचीही, आणि तिच्या निवडणुकीत पासपोर्ट बघत नाहीत. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला मत. या शहरात आम्हा दोघींना येतं ते हेच मतपत्र. मी ते दर वेळी भरते. तिने गेल्या वेळी भरलं नाही. म्हणाली, निवडणूक आली तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

आता वाद उघड्यावरच्या टेबलांचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने सगळ्या देशांना शिफारस केली की हॉटेलांच्या बाहेरच्या बैठकीही धूरमुक्त कराव्यात, ई-सिगारेटसकट. बंधन नाही, नुसती शिफारस. पण इथे ‘शानीगार्टन’, म्हणजे फुटपाथवर मांडलेली टेबलं, हा उन्हाळ्याचा प्राण, त्यामुळे तेवढ्यावरही लोक बाह्या सरसावतात. खालच्या बाइस्लचं शानीगार्टन मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत असतं: सहा टेबलं, दोन छत्र्या, आणि आतून गायब झालेले अ‍ॅशट्रे तिथे हजर. तक्रार करायची तर करा, असं मालक मला हसत सांगतो, तुम्ही वरून, मी खालून. टेबलांवर गिऱ्हाइकं दोन्ही बाजूंनी बोलतात, ओढणारी आणि न ओढणारी, आणि ती बाई दोन्ही हातांत ग्लास घेऊन मधून जाते. आतल्यापेक्षा बाहेर बरं, एवढंच ती म्हणते. वारा असला तर. गेल्या उन्हाळ्यात तिने मालकाकडून कोपऱ्यातली दोन टेबलं दुसऱ्या पोराकडे द्यायला लावली, कारण तिथे इमारतीच्या आडोशाने वारा लागत नाही.